घरातलं सामान आणि त्याची जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बरीच वर्षं मी लोकांच्या घरांचं इंटिरियर करते आहे. पेठेतल्या दीड खोलीपासून खराडीच्या टॉवरपर्यंत घरं बदलतात, पण पहिल्या भेटीतले प्रश्न बदलत नाहीत. रंग, सोफा, पडदे हे सगळं नंतर येतं. आधी घरातलं कुणीतरी हळूच विचारतं, "सामान मावेल ना सगळं?" त्या प्रश्नाची जेवढी रूपं आजवर ऐकली, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मापं मुद्दाम फूट-इंचात दिली आहेत, कारण आपण आणि आपले सुतार त्याच मापात बोलतो.

सुरुवात कुठून करायची?

सामान मोजण्यापासून. कपाटाचं चित्र काढण्याआधी वही आणि टेप घेऊन बसा. मी प्रत्येक कुटुंबाला आठ दिवसांचा गृहपाठ देते: साड्या किती, त्यातल्या रोज नेसायच्या किती, हँगरवर राहणारे शर्ट किती, चपलांचे जोड किती, हेल्मेटं किती, गाद्या-रजया किती, सर्वांत मोठं पातेलं किती इंचाचं आणि कुकर झाकणासकट किती उंच. हे लिहून आणलं की निम्मं डिझाइन तिथेच झालेलं असतं. हँगरवरचा एक शर्ट दांडीची साधारण एक इंच जागा घेतो, ब्लेझर दोन ते तीन इंच घेतो. म्हणजे घरात दोघांचे मिळून साठ शर्ट-कुर्ते असतील, तर पाच फूट दांडी लागणार. हा हिशेब आधी केला नाही, तर तीन फुटांची दांडी मिळते आणि उरलेले कपडे खुर्चीच्या पाठीवर येतात.

मोजताना प्रत्येक वस्तूपुढे एक खूण करा: रोज लागते, महिन्यातून लागते, की वर्षातून एकदा. जागा ठरवताना मला वस्तूच्या आकाराइतकीच ही खूण उपयोगी पडते.

जुन्या घरात एवढं सामान मावत होतं, नव्या फ्लॅटमध्ये का मावत नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला शनिवार पेठेतल्या एका आजींनी दिलं. वाडा पुनर्विकासाला गेला होता आणि त्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला येणार होत्या. मी माजघरात मापं घ्यायला गेले. आजींनी भिंतीतलं फडताळ उघडलं. आत हातभर खोल जागा होती. वरच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या, मधल्या फळीवर पितळी डबे आणि खाली पाट उभे करून ठेवलेले. शेजारच्या कोनाड्यात दिवा, त्याखाली खुंटीवर पिशव्या आणि छताजवळ दांडीवर घडी केलेली सतरंजी. मग त्यांनी माझ्याकडच्या नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "एवढ्याशा भिंतीत कोनाडा कुठे काढणार गं तू?"

वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट जाड असायच्या. साठवण भिंतीच्या पोटात होती: फडताळ, कोनाडा, देवळी, धान्याचं बळद. खोलीची जमीन मोकळी राहायची. आजच्या फ्लॅटची भिंत चार किंवा सहा इंचांची असते, त्यामुळे प्रत्येक कपाट खोलीत पुढे येतं आणि जमीन खातं. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये दहा फुटांच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट केलं, तर ११० पैकी २० चौरस फूट गेले, म्हणजे अठरा टक्के खोली. चौरस फुटाला तुम्ही काय भाव मोजला आहे, हे आठवून मग ठरवा की त्या जागेत नको असलेल्या वस्तू ठेवायच्या का.

आणखी एक. रेरा, म्हणजे घरखरेदीच्या व्यवहारांसाठीचा कायदा, त्याच्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात (घराच्या वापराच्या क्षेत्रफळात) घराच्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते आणि बाल्कनी धरलेली नसते. म्हणून कागदावरच्या आकड्यावरून फर्निचर ठरवू नका. ताबा मिळाला की प्रत्येक खोली टेपने मोजा, खिडकीचं दार किती उघडतं आणि स्विचबोर्ड कुठे आहेत ते नकाशावर लिहा.

मग नव्या भिंतीत कोनाडा काढता येतो का?

वाकड, बाणेर, हिंजवडीकडच्या अनेक नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीचं बांधकाम आहे. तिथे भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्याच पेलतात. त्या फोडायच्या नाहीत, खाचायच्याही नाहीत. कोनाडा हवाच असेल तर भिंतीपुढे सहा-आठ इंच खोल लाकडी चौकट उभी करून तो त्यात करता येतो. विटांच्या भिंतीतसुद्धा सोसायटीला आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय हात घालू नका.

कपड्यांचं कपाट आतून कसं असावं?

कपाटाची खोली, म्हणजे मागून पुढपर्यंतचं माप, बाहेरून २४ इंच. त्यापेक्षा कमी केली तर हँगर दाराला घासतात. सरकती दारं हवी असतील तर २६ ते २७ इंच लागतात, कारण दोन पल्ले एकामागे एक बसतात. शर्ट-कुर्त्यांच्या दांडीखाली ४० ते ४२ इंच पुरतात, त्यामुळे आतून सात फूट उंच असलेल्या कपाटात वर-खाली दोन दांड्या बसतात. लांब ड्रेस आणि शेरवानीसाठी ६० इंचांचा एक उभा कप्पा ठेवा. साडी मात्र प्रत्येकीची घडी वेगळी असते. तुमची साडी तुमच्या हँगरवर टाका, लोंबते ती उंची मोजा आणि सुताराला तेच माप द्या.

घडीच्या कपड्यांना फळ्या बारा इंचांपेक्षा जास्त अंतरावर नकोत. पंधरा-सोळा इंचांचा कप्पा दिसायला ऐसपैस वाटतो, पण खालचा टॉप ओढला की वरचा ढीग आडवा होतो. आतले कपडे आणि मोजे-रुमाल यांना ड्रॉवर द्या, तेही उथळ, पाच-सहा इंचांचे.

पैठणी, नऊवारी, आईच्या लग्नातला शालू यांच्यासाठी मी वेगळी फळी ठेवते आणि याबाबत जरा हट्टी आहे. जरीच्या जड साड्या हँगरवर वर्षानुवर्षं लटकवू नका, पोताला ताण बसतो. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये दमटपणा कोंडतो, त्यापेक्षा जुन्या मऊ सुती कापडात किंवा मलमलमध्ये गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर साडी त्याच रेषेवर विरते. ही फळी डोळ्यांच्या उंचीवर असावी. माळ्यावर गेलेल्या साडीची घडी कुणी बदलत नाही.

किचन ट्रॉल्या किती आणि कशा घ्याव्यात?

संख्या विचारू नका, आधी भांडी बाहेर काढा. जमिनीवर चादर अंथरून ताटं, वाट्या, पातेली, कढया असे गट करा. प्रत्येक गटाला त्याची ट्रॉली. कटलरीची ट्रॉली चार इंच उंच पुरते, वाट्या-पेल्यांची सहा ते आठ, पातेल्यांची बारा ते चौदा. आपल्याकडची जेवणाची ताटं बारा-तेरा इंचांची असतात, म्हणून ताटांच्या ट्रॉलीची आतली रुंदी ताट हातात धरून मोजा. पोळपाटाला उभी फट ठेवली नाही तर तो कायम गॅसच्या मागे भिंतीला टेकलेला राहतो, हे मी असंख्य घरांत पाहिलं आहे.

जाग्याचा नियम सोपा आहे. गॅसच्या डाव्या-उजव्या हाताला मिसळणाचा डबा, तेल, चमचे, सांडशी. कणकेचा डबा जिथे पोळ्या लाटता तिथे, ओट्याखाली. घासलेली भांडी सिंकपासून दोन पावलांत जागेवर लागली पाहिजेत. मिक्सर रोज लागतो, तो ओट्यावरच राहू द्या आणि त्याच्यामागे प्लग घ्या. फोटोत ओटा रिकामा दिसावा म्हणून मिक्सर कपाटात टाकला, तर रोज तीन-चार किलोचं वजन उचलावं लागतं.

ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच ठेवतात. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं कोपर वाकवून बघा, ओटा त्याच्या चार-पाच इंच खाली यायला हवा. वरची कपाटं १२ ते १४ इंच खोल, त्याहून जास्त नकोत, डोक्याला लागतात.

ट्रॉल्या स्टीलच्या घेत असाल तर ३०४ ग्रेड मागा, २०२ ग्रेडवर सिंकच्या आसपास काही वर्षांत तांबूस डाग येतात. बोहरी आळीत आणि रविवार पेठेत हार्डवेअर घ्यायला स्वतः जा. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, हाताने ओढून बघा आणि किती किलोचं आहे ते विचारा. पातेल्यांच्या ट्रॉलीला ४५ किलोचं चॅनेल घ्या.

गॅस सिलेंडर कपाटात ठेवला तर चालतो का?

कपाटाला खालच्या बाजूला जाळी असेल तरच. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळती झाली तर वायू तळाशी साचतो. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो वर चढतो, म्हणून तिथे वरून हवा जायला वाट हवी. पाइपगॅसचा मीटर आणि व्हॉल्व्ह फर्निचरमागे गाडू नका. व्हॉल्व्हपर्यंत हात सहज गेला पाहिजे, दार न काढता.

वर्षाचं धान्य फ्लॅटमध्ये भरावं का?

एप्रिल-मे आला की मार्केट यार्डातून गहू आणायची सवय अजून खूप घरांत आहे आणि मला ती मोडावीशी वाटत नाही. फक्त जागेचा हिशेब करा. शंभर किलो गहू म्हणजे साधारण १३० लिटर जागा. चौदा इंच व्यासाच्या आणि अडीच फूट उंचीच्या पत्र्याच्या कोठीत साठ किलोच्या आसपास गहू मावतो, म्हणजे शंभर किलोला दोन कोठ्या. दोन कोठ्यांसाठी अडीच फूट रुंद आणि दीड फूट खोल असा उभा कप्पा लागतो, आणि तो जमिनीवरच, फळीवर नाही. ड्राय बाल्कनीत कोठी ठेवू नका. तिथे वॉशिंग मशीन आणि भांडी घासायचं पाणी असतं.

कोठी लाकडी पाटावर ठेवा, भिंतीपासून दोन-तीन इंच लांब. धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच भरा. कडुलिंबाचा वाळलेला पाला, बिबवे, डाळीला एरंडेलाचा हात, हे आजीचे उपाय दमट महिन्यांत खरोखर कामी येतात. वन बीएचके असेल तर वर्षाऐवजी तीन महिन्यांचं धान्य भरा. कोठीसाठी पलंगाशेजारची वाट अडवायची वेळ येऊ नये.

माळ्यावर काय ठेवावं?

वर्षातून एकदा-दोनदा लागतं तेच. गौरीचे मुखवटे आणि मखर, आकाशकंदील, पाहुण्यांच्या गाद्या, मोठ्या बॅगा. रोजचं काहीही नाही.

हे मी एवढं ठामपणे सांगते त्याला कारण आहे. माझ्या आईचं स्वयंपाकघर मी केलं तेव्हा छतापर्यंत एकसंध कपाट काढलं आणि रोजच्या पिठाचा डबा वरून दुसऱ्या कप्प्यात गेला. आईची उंची ४ फूट ११ इंच. ती स्टूल घेऊन डबा काढायची, मला कधी बोलली नाही. एका पावसाळी सकाळी ओल्या फरशीवर स्टूल सरकलं आणि तिचं मनगट मोडलं. चूक माझी होती, मी कपाट भिंतीच्या मापाने काढलं होतं, तिच्या नाही. तेव्हापासून प्रत्येक घरात मी घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या मोठ्या माणसाला भिंतीशी उभं करते, हात वर करायला सांगते आणि तिथे पेन्सिलीने रेघ मारते. रोजच्या वस्तू त्या रेघेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर.

माळ्याची खोली दोन फुटांवर नेऊ नका, मागचं सामान हाताला लागत नाही. प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा: "गौरी, २ पैकी १". श्रावणात गौरी-गणपतीची खोकी पुढे ओढा आणि ती परत जातील तेव्हा दिवाळीची पुढे आणा. आणि शिडीला घरात कायमची जागा द्या. शिडी हाताशी नसली की लोक खुर्चीवर चढतात.

दाराजवळ चपला, हेल्मेटं आणि रेनकोट यांचं काय करायचं?

पुण्यातलं घर म्हणजे किमान दोन दुचाक्या आणि तेवढी हेल्मेटं, तरीही दाराजवळच्या कपाटात हेल्मेटाचा कप्पा क्वचितच दिसतो. एका हेल्मेटाला साधारण १४ इंच खोल, ११ इंच रुंद आणि १२ इंच उंच जागा धरा. चपलांच्या कपाटाची खोली १४ इंच ठेवली तर वर हेल्मेटं, खाली बूट, दोन्ही बसतात. दारांना जाळी किंवा फटी हव्यात, बंद दारामागे जूनमध्ये बुटांना बुरशी येते.

ओला रेनकोट कपाटात जाता कामा नये. दाराशी दोन-तीन मजबूत खुंट्या आणि खाली पाणी झेलायला ट्रे, एवढं पुरतं. किल्ल्या आणि गाडीची कागदपत्रं यांना तिथेच एक उथळ ड्रॉवर.

चपलांचं कपाट दाराबाहेर जिन्यात किंवा पॅसेजमध्ये ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. आगीच्या वेळी धुरात माणसं तिथूनच चाचपडत उतरतात. ती वाट मोकळी ठेवा.

प्लाय कोणता घ्यावा?

सिंकखाली आणि पाण्याजवळ आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय. कोरड्या बेडरूममध्ये एमआर, म्हणजे थोडा दमटपणा सोसणारा, ग्रेड चालतो. कपाटाच्या अंगाला १८ मिलिमीटर जाडी घ्या. बोर्ड घरात आला की त्यावरचा आयएसआयचा शिक्का स्वतः वाचा. पैसे वाचवायचे असतील तर बाहेरच्या लॅमिनेटवर वाचवा, आतल्या बोर्डावर नको. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका आणि कपाटाच्या तळाला चार इंच पाया द्या, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडात शिरत नाही.

पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतो. उपाय?

बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेकडच्या, कपाट चिकटवू नका. मागे इंचभर फट ठेवा. भिंतीला ओल असेल तर आधी बाहेरून दुरुस्ती, मग फर्निचर. ओल्या भिंतीपुढे उभं केलेलं कपाट मागून कुजतं आणि ते कळेपर्यंत दोन पावसाळे जातात.

पुस्तकांची फळी मध्येच वाकली. का?

वजन. एक फूट लांबीच्या फळीवर पुस्तकांचं वजन सहज दहा किलो होतं. तीन फुटांची फळी म्हणजे तीस किलो, कायमचं. १८ मिलिमीटर प्लायला अडीच ते तीन फुटांवर आधार द्या. पार्टिकल बोर्ड असेल तर दोन फुटांवरच. दिवाळी अंकांचे गठ्ठे सर्वांत खालच्या फळीवर.

पलंगाखालचं स्टोरेज उपयोगाचं आहे का?

हो, गाद्या, रजया, बॅगांसाठी. रोजच्या कपड्यांसाठी नाही. हायड्रॉलिक घेतलं तर गादीसकट वजन घरातल्या आजोबांना उचलता येतंय का, ते दुकानातच करून बघा.

देवघराला वेगळी साठवण लागते का?

लागते, थोडी. वाती, कापूर, उदबत्ती, काडेपेटी यांना एक ड्रॉवर. ताम्हण, पळी, पंचपात्रीला एक कप्पा. आणि पोथ्यांना कोरडी फळी. समईच्या ज्योतीवर लगेच लॅमिनेटचं छत येऊ देऊ नका. वर किमान दोन फूट मोकळे ठेवा किंवा तिथे दगडाची पट्टी लावा.

सुताराकडून करून घ्यावं की फॅक्टरीतून मॉड्युलर?

पेठांमधल्या जुन्या इमारतींत भिंती ओळंब्यात नसतात, कोपरे काटकोनात नसतात. तिथे जागेवर माप घेऊन काम करणारा सुतार बरा. नव्या टॉवरमध्ये मॉड्युलर लवकर होतं आणि घरात भुसा होत नाही. दोन्हीकडे एक गोष्ट सोडू नका: कपाटाच्या आतलं, कप्प्याकप्प्याचं माप लिहिलेलं ड्रॉइंग. बहुतेक जण दारं बंद असलेलं रंगीत चित्र पाहून होकार देतात. एका कंपनीकडून आलेल्या कपाटात माझ्या ग्राहकांच्या लांब कपड्यांना कुठेच उभा कप्पा नव्हता आणि चित्रावर त्यांचीच सही होती.

भाड्याच्या घरात काय करावं?

भिंतीला काही ठोकू नका. लोखंडी कपाट, चाकांची मांडणी, झाकणाचे डबे, जे पुढच्या घरीही येईल असंच घ्या. मांडणीची उंची दाराच्या चौकटीतून आडवी जाईल एवढीच ठेवा.

जुनी पितळी भांडी, कुणाच्या आठवणीच्या वस्तू यांचं काय करायचं?

काढून टाका असं मी कधीच म्हणत नाही. फक्त विचारते की ही वस्तू कपाटात बंद राहणार आहे, की घरात वावरणार आहे? मोडकं, नासलेलं सामान मात्र जाऊ द्या. कचरावेचक आणि जुना बाजार त्याचं सोनं करतात.

शनिवार पेठेतल्या त्या आजींकडे पितळेच्या नऊ भांड्यांची उतरंड होती. आम्ही दोघी दुपारभर बसून एकेक भांडं खाली उतरवलं. सर्वांत वरचं लहान तपेलं त्यांनी नातीला दिलं, चार डबे भाच्या-पुतण्यांकडे गेले, दोन पातेल्यांना कल्हई करून ती सणाच्या ट्रॉलीत बसवली. उरलेला डबा किचनच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी झाला. आणि सर्वांत खालचा घागरीएवढा हंडा? तो त्यांना कुठेच जायला नको होता. हॉलच्या कोपऱ्यात, दाराजवळ, मी त्याच्यासाठी १८ इंचांचा एक उघडा कोनाडा काढला, भिंतीपुढे चौकट उभी करून. आजी त्यात छत्र्या ठेवतात.